एका एमएलमध्ये किती? नर्सिंगच्या पहिल्या वर्षासाठी औषधांचं गणित

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींपैकी निम्म्यांना तरी गणिताची धास्ती असते. काही जण आर्ट्सकडून आलेले असतात, काहींनी गणित टाळायचं म्हणूनच बारावीला बायोलॉजी धरलेली असते. मग वॉर्डातल्या पहिल्या पोस्टिंगला इन्चार्ज सिस्टर हातात जेंटामायसिनचं ॲम्प्युल, म्हणजे औषधाची काचेची छोटी कुपी, ठेवतात आणि विचारतात, "साठ मिलिग्रॅम द्यायचंय, किती भरशील?" तोंडाला कोरड पडते.

या मुलांना गणित येत नाही असं मला कधीच वाटलेलं नाही. बारा वह्या १८० रुपयांना, तर पाच वह्या कितीला, हे त्यांना शाळेपासून येतं. आधी एका वहीची किंमत काढायची, १५ रुपये. मग पाचने गुणायचं, ७५. शाळेत याला एकमान पद्धत म्हणत. वॉर्डातलं जवळजवळ सगळं गणित एवढंच आहे. वहीच्या जागी एमएल येतो आणि रुपयांच्या जागी मिलिग्रॅम.

त्या ॲम्प्युलवर लिहिलेलं असतं '८० मिलिग्रॅम / २ एमएल'. दोन एमएलमध्ये ८०, म्हणजे एका एमएलमध्ये ४०. हवेत ६०. ६० ÷ ४० = १.५. दीड एमएल भरायचं. झालं.

पुस्तकात यासाठी सूत्र दिलेलं असतं: हवा तो डोस, भागिले हातातला डोस, गुणिले हातातलं आकारमान. सूत्र बरोबर आहे आणि परीक्षेत ते लिहायला हरकत नाही. पण नाइट ड्युटीच्या चौथ्या रात्री पहाटे चार वाजता वरचा आकडा खाली आणि खालचा वर कधी जातो ते कळत नाही. 'एका एमएलमध्ये किती?' हा प्रश्न मात्र झोपेतही उलटा होत नाही. म्हणून मी सगळ्यांना आधी तोच प्रश्न विचारायला लावते, आणि हा पूर्ण लेख त्याच प्रश्नावर उभा आहे.

लेखातले डोस गणित समजावण्यासाठी घेतले आहेत. रुग्णाला काय आणि किती द्यायचं ते केसपेपरवरच्या ऑर्डरवरूनच ठरतं.

पहिली पायरी: एककं एकसारखी करा

भागाकाराला हात घालण्याआधी ऑर्डरमधलं एकक आणि लेबलवरचं एकक एकच आहे का ते बघा. वजनाची शिडी हजाराच्या पायऱ्यांची आहे. १ किलो म्हणजे १,००० ग्रॅम, १ ग्रॅम म्हणजे १,००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. द्रवासाठी १ लिटर म्हणजे १,००० एमएल. जुने डॉक्टर 'सीसी' म्हणतात. १ सीसी आणि १ एमएल एकच.

गुणायचं की भागायचं यात गोंधळ होत असेल तर रुपये-पैसे आठवा. दोन रुपयांचे पैसे केले की आकडा मोठा होतो, २००. मोठ्या एककातून लहान एककात जाताना आकडा वाढतो, उलट जाताना कमी होतो. डिगॉक्सिनची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. दशांश चिन्ह दर वेळी तीन घरं सरकतं. ते बोटाने मोजून सरकवा, लाज वाटू देऊ नका. मी अजून मोजते.

'युनिट'मध्ये येणारी औषधं या शिडीवर बसत नाहीत. इन्सुलिन, हिपॅरिन, ऑक्सिटोसिन, व्हिटॅमिन ए यांची युनिटं मिलिग्रॅममध्ये बदलायचा एकच असा नियम नाही, कारण प्रत्येक औषधाचं युनिट वेगळं ठरवलेलं आहे. लेबलवर एका एमएलमध्ये किती युनिट आहेत तेवढंच बघायचं. बालकांना देतात त्या व्हिटॅमिन ए सिरपमध्ये १ एमएलला १ लाख युनिट असतात. नवव्या महिन्याच्या डोसाला १ लाख, म्हणजे १ एमएल. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, म्हणजे २ एमएल.

आकडा लिहिताना आणि ऐकताना

हा भाग पुस्तकात थोडक्यात असतो, पण मराठी माध्यमातून आलेल्यांनी इथे थांबून वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आपला देवनागरी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. आपला ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. नातेवाइकांच्या चिठ्ठीवर, वहीत, हाताच्या तळव्यावर लिहिलेल्या आकड्यांत ही गफलत सहज होते. म्हणून चार्टवर सगळे आकडे एकाच लिपीत, आणि ती लिपी तुमच्या वॉर्डात चालते तीच. एका ओळीत दोन्ही लिप्या कधीच नकोत.

एकापेक्षा लहान आकड्याआधी शून्य हवंच: ०.५. नुसतं '.५' लिहिलं आणि टिंब पुसट झालं तर पाच वाचले जातात, दहापट डोस. पूर्ण आकड्यामागे मात्र टिंब-शून्य नको. '५.०' चं ५० होतं. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा, कारण त्याचं इंग्रजी आद्याक्षर शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक 'म्यू' चिन्ह हाताने लिहू नका, ते घाईत 'एम' होतं आणि मायक्रोचं मिलि होऊन बसतं. 'एमसीजी' असं सुटं लिहा.

आणि आपले पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केल्या होत्या. त्यामुळे हे शब्द आपल्या तोंडात बसलेले आहेत, आणि हिशेबाला ते उत्तम आहेत. पण फोनवर आणि आवाजाच्या वॉर्डात 'पाव' आणि 'पाऊण' सारखेच ऐकू येतात. पाव म्हणजे ०.२५, पाऊण म्हणजे ०.७५, तिपटीचा फरक. 'पावणेदोन' म्हणजे १.७५, पण नवख्या माणसाच्या कानात नुसता 'दोन' राहतो. फोनवर ऑर्डर घेताना आकडा सुट्टा करून परत म्हणून दाखवा: "सर, शून्य पॉइंट सात पाच एमएल, बरोबर?" यात वेळ जातो तो चार सेकंदांचा.

दुसरी पायरी: बाटली बदलली की उत्तर बदलतं

पॅरासिटामॉल घ्या, कारण हे औषध प्रत्येक घरात आहे आणि चूकही प्रत्येक घरात होऊ शकते. १० किलोच्या बाळाला किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १५० मिलिग्रॅम द्यायचंय. आता टेबलावर तीन बाटल्या ठेवा.

पहिलीवर '१२५ मिलिग्रॅम / ५ एमएल'. एका एमएलमध्ये २५. १५० ÷ २५ = ६ एमएल.
दुसरीवर '२५० मिलिग्रॅम / ५ एमएल'. एका एमएलमध्ये ५०. १५० ÷ ५० = ३ एमएल.
तिसरी ड्रॉप्सची, '१०० मिलिग्रॅम / १ एमएल'. १५० ÷ १०० = १.५ एमएल.

डोस एकच, नाव एकच, आणि एमएल सहा, तीन, दीड. ज्याने 'सहा एमएल' पाठ केलं आणि ड्रॉप्सची बाटली उचलली, त्याने बाळाला ६०० मिलिग्रॅम दिलं.

ओपीडीत असताना एक आई आठ किलोच्या मुलीला घेऊन आली होती. ताप होता आणि आदल्या भेटीत 'पाच एमएल' सांगितलं होतं. ते सिरप १२० मिलिग्रॅमवालं होतं. दुकानात सिरप संपलं होतं, म्हणून तिला ड्रॉप्सची छोटी बाटली मिळाली. तिने पिशवीतून ती बाटली आणि घरातलं पाच एमएलचं मापाचं झाकण काढून दाखवलं. झाकण काठोकाठ भरून एकदा पाजलं होतं. पाच एमएल ड्रॉप्स म्हणजे ५०० मिलिग्रॅम, सांगितलेल्या १२० च्या चौपटीहून जास्त. डॉक्टरांनी तपासलं, मुलगी ठीक होती, आणि पुढचा डोस जायच्या आत कळलं म्हणून बरं झालं. त्या आईने सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं. तिला एमएल सांगितले होते, मिलिग्रॅम कुणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी औषध समजावताना बाटली हातात धरून लेबलवरच्या त्या ओळीवर पेनाने गोल करते आणि सांगते, "ताई, दुसरी बाटली मिळाली तर हे माप चालणार नाही, आधी विचारा."

चमच्याचंही तसंच. औषधाचा चमचा म्हणजे ५ एमएल, पण घरातला चहाचा चमचा कुणाचा तीन एमएलचा, कुणाचा सातचा. माप हवं तर बाटलीबरोबरचं झाकण किंवा सुई काढलेली सिरिंज. ओआरएसला हाच नियम लावा. मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं, ते पूर्ण १ लिटर पाण्यात. छोटी पाकिटं २०० एमएलची असतात. तांब्या एक लिटरचा असेलच असं नाही, म्हणून पाण्याची एक लिटरची बाटली मोजून त्यात कालवायला सांगा. पाणी कमी पडलं तर द्रावण खारट होतं आणि बाळाला अपायच करतं.

लेबल वाचताना एक सापळा नेहमी असतो. मोठ्या अक्षरात पूर्ण व्हायलचा, म्हणजे रबरी बुचाच्या बाटलीचा, आकडा असतो आणि बारीक अक्षरात एमएलचा. हिपॅरिनच्या पाच एमएलच्या व्हायल दोन प्रकारच्या मिळतात, एक एकूण ५,००० युनिटची आणि दुसरी २५,००० युनिटची. पहिल्या व्हायलमध्ये एमएलला १,००० युनिट, दुसऱ्या व्हायलमध्ये ५,०००. बाहेरून दिसायला जवळजवळ सारख्या. 'पाच हजार द्या' अशी ऑर्डर असेल तर एकीतून पाच एमएल आणि दुसरीतून एकच एमएल.

पावडरच्या व्हायलला आधी पाणी घालावं लागतं. एक ग्रॅम पावडरीत पाणी घालून एकूण १० एमएल झालं तर एमएलला १०० मिलिग्रॅम. 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा, कारण पावडर स्वतःही थोडी जागा घेते. लहान मुलांच्या बारीक डोसात तो फरक लागतो. किती पाणी घातल्यावर एमएलला किती होतं हे लेबलवर किंवा आतल्या कागदावर दिलेलं असतं, ते वाचून मगच पाणी घाला.

तिसरी पायरी: टक्के आणि 'एकास हजार'

टक्का दिसला की एकच वाक्य म्हणा: इतके ग्रॅम, शंभर एमएलमध्ये. ५% डेक्स्ट्रोज म्हणजे १०० एमएलला ५ ग्रॅम साखर, ५०० एमएलच्या बाटलीत २५ ग्रॅम. नॉर्मल सलाईन ०.९%, म्हणजे ५०० एमएलमध्ये ४.५ ग्रॅम मीठ. २% लिग्नोकेनमध्ये १०० एमएलला २ ग्रॅम, म्हणजे २,००० मिलिग्रॅम, म्हणजे एमएलला २०. इथे एक सोपी युक्ती आहे: टक्क्यापुढे एक शून्य लावलं की एमएलमधले मिलिग्रॅम मिळतात. २% चे २०, १०% चे १००, ५०% चे ५००.

'एकास हजार' लिहिलेलं ॲड्रिनॅलिन म्हणजे १,००० एमएलमध्ये १ ग्रॅम. एमएलला १ मिलिग्रॅम. ॲनाफायलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, मोठ्या माणसाला स्नायूत ०.५ मिलिग्रॅम द्यायचं तर त्याचं अर्धा एमएल. 'एकास दहा हजार' त्याच्या दहापट पातळ, एमएलला ०.१ मिलिग्रॅम.

लेबर रूममध्ये लागणारं एक गणित पूर्ण करून दाखवते, कारण ते घाईच्या वेळी येतं आणि तेव्हा कागद-पेन शोधायला वेळ नसतो. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला शिरेतला डोस ४ ग्रॅम, २०% करून, सावकाश. हातात आहेत ५०% ची दोन एमएलची ॲम्प्युल. ५०% म्हणजे एमएलला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ॲम्प्युलात १ ग्रॅम. चार ग्रॅमला चार ॲम्प्युल, ८ एमएल. आता हे २०% करायचंय. २०% म्हणजे एमएलला २०० मिलिग्रॅम. ४,००० ÷ २०० = २० एमएल एकूण. औषध ८, म्हणून वर १२ एमएल पाणी किंवा सलाईन. आठ अधिक बारा. हे एकदा स्वतः कागदावर सोडवलं की जन्मभर विसरत नाही. नुसतं पाठ केलं तर नेमकं त्या रात्री 'बारा औषध की बारा पाणी?' असा प्रश्न पडतो.

डायल्यूशनचं, म्हणजे पातळ करण्याचं, हेच गणित जंतुनाशकालाही. ५% हायपोक्लोराइट १% करायचं, तर ५ ÷ १ = ५ भाग एकूण. एक भाग द्रावण, चार भाग पाणी. पाच भाग पाणी घालणारे दर बॅचला भेटतात.

पोटॅशियम क्लोराइडचं १० एमएलचं ॲम्प्युल १५% चं असतं, म्हणजे १.५ ग्रॅम. मोजायचं मात्र मिलिइक्विव्हॅलंट या क्षारांच्या वेगळ्या एककात: एमएलला २, पूर्ण ॲम्प्युलात २०. ३० ची ऑर्डर असेल तर १५ एमएल, आणि ते मोठ्या बाटलीत मिसळून, नीट हलवून, ठरवलेल्या वेगानेच. थेट शिरेत कधीच नाही.

चौथी पायरी: सलाईनचे थेंब

इथे तीन गोष्टी लागतात: किती एमएल, किती वेळात, आणि सेट (सलाईनची नळी) कोणता. तिसरी गोष्ट लोक विसरतात. साध्या सेटला 'मॅक्रो' म्हणतात. त्याच्या २० थेंबांचा एक एमएल होतो, काही सेटना १५ थेंबांचा. मायक्रो सेटला ६० थेंबांचा. हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. पाकीट फेकण्याआधी तो बघा.

५०० एमएल आठ तासांत द्यायचंय, सेट २० चा. ५०० × २० = १०,००० थेंब. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. १०,००० ÷ ४८० = २०.८, म्हणजे मिनिटाला २१ थेंब.

रोजच्या कामात छोटा रस्ता वापरा. आधी तासाला किती एमएल ते काढा. मग २० च्या सेटला ३ ने भागा, १५ च्या सेटला ४ ने भागा, मायक्रोला भागायचंच नाही. का? कारण तासात ६० मिनिटं, आणि ६० ला २० ने भागलं की ३, १५ ने भागलं की ४, ६० ने भागलं की १. एक लिटर आठ तासांत म्हणजे तासाला १२५ एमएल, ३ ने भागून ४२ थेंब.

थेंब मोजताना घड्याळ ड्रिप चेंबरच्या शेजारी, डोळ्यांच्या पातळीवर धरा. मान घड्याळाकडून चेंबरकडे वळवत राहिलं तर एखादा थेंब निसटतो. २१ थेंब म्हणजे साधारण तीन सेकंदांना एक. आधी त्या तालावर रोलर आणा, मग पूर्ण मिनिट मोजा. रुग्णाने हात वाकवला, उशी हलली, स्टँड खाली-वर झाला की वेग बदलतो. म्हणून पंधरा मिनिटांनी परत या.

माझी स्वतःची चूक इथलीच आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, रात्री, एका वयस्कर आजोबांना तासाला ५० एमएलची ऑर्डर होती. मायक्रो सेटवर ५० थेंब चालले होते. सेट बदलायची वेळ आली तेव्हा वॉर्डात मायक्रो संपले होते. मी मॅक्रो लावला आणि जुना आकडा तसाच ठेवला, ५० थेंब. पन्नास थेंब भागिले वीस म्हणजे मिनिटाला अडीच एमएल, तासाला १५०. तिप्पट. आजोबांचं हृदय आधीच दमलेलं होतं. तासाभराने सिनियर सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी थेंब मोजलेच नाहीत, बाटलीकडे बघितलं. बाटलीवर त्यांनी संध्याकाळीच चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तासातासाच्या खुणा केल्या होत्या, आणि पातळी दोन खुणा जास्त खाली गेली होती. आजोबा सुखरूप राहिले. ती पट्टी मी पुढे प्रत्येक बाटलीला लावली, आणि माझ्या विद्यार्थ्यांची लावलेली आहे का ते मी आजही बघते. थेंबांचं गणित चुकलं तरी पट्टी ते पकडून देते.

पाचवी पायरी: इन्सुलिन

इथे गणित करायचंच नसतं. सिरिंज आणि व्हायल जुळवायची असते. आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन बहुतेक ठिकाणी एमएलला ४० युनिटचं असतं. त्याची सिरिंज ४० च्या खुणांची, लाल टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमधलं आणि काही व्हायलमधलं १०० युनिटचं असतं. त्याची सिरिंज १०० च्या खुणांची, नारंगी टोपीची. दोन्हींतला फरक बरोबर अडीचपट.

४० च्या व्हायलमधून १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर ०.२ एमएल भरलं जातं. ०.२ × ४० = ८ युनिट. वीसच्या जागी आठ, साखर उतरत नाही. उलट केलं, १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज, तर २० च्या खुणेवर अर्धा एमएल, म्हणजे ५० युनिट. रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. अडीचने गुणून-भागून चुकीच्या सिरिंजने काम निभावता येतं, हे गणित म्हणून खरं आहे. तरीही तसं करू नका. दुसऱ्या वॉर्डातून योग्य सिरिंज मागवा. तुम्ही केलेला गुणाकार पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला दिसत नाही, तिला फक्त सिरिंजवरची खूण दिसते.

सहावी पायरी: वजनावरचे डोस

आधी वजन किलोत आणि तुम्ही स्वतः केलेलं. आईने सांगितलेलं मागच्या महिन्याचं नको. नवजात बाळाचं वजन ग्रॅममध्ये लिहितात. २,५०० ग्रॅम म्हणजे २.५ किलो, त्यापेक्षा कमी असेल तर कमी वजनाचं बाळ.

लहान मुलांच्या रोजच्या सलाईनसाठी पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० एमएल, पुढच्या १० किलोंना ५०, त्यापुढे २०, असा हिशेब शिकवतात. १४ किलोचं मूल: १,००० अधिक ४ × ५० = २००, एकूण १,२०० एमएल दिवसाला. २४ ने भागून तासाला ५०. मायक्रो सेटवर ५० थेंब.

आयसीयूमधल्या सिरिंज पंपाचं गणित भीतीदायक वाटतं, पण तिथेही पहिला प्रश्न तोच. डोपामिन २०० मिलिग्रॅम, एकूण ५० एमएल केलं. एका एमएलमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. ऑर्डर: किलोला, मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, वजन ६० किलो. ५ × ६० = ३०० मिनिटाला. पंप तासाचा, म्हणून × ६० = १८,००० तासाला. १८,००० ÷ ४,००० = ४.५ एमएल प्रति तास. चुकणारे बहुतेक जण मिनिटाचा तास करायला विसरतात.

बाकीची मापं थोडक्यात

ताप: फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. ९८.६ म्हणजे ३७, १००.४ म्हणजे ३८, १०४ म्हणजे ४०. हे तीन पाठ असले की मधले अंदाजाने येतात. एक इंच २.५४ सेंटिमीटर, एक किलो २.२ पौंड.

आखातात किंवा इंग्लंडला नोकरीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये आणि इतरही बऱ्याच ठिकाणी रक्तातली साखर मिलिमोलमध्ये सांगतात. आपल्या मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ ने भागायचं. आपली १८० तिथे १०. तिथे कुणी 'साखर चार' म्हणालं, तर ती आपली ७२.

भरण्याआधी: अंदाज, आणि दुसरी नजर

कॅल्क्युलेटर उघडण्याआधी मनात अंदाज बांधा. ऑर्डर लेबलपेक्षा थोडी जास्त आहे का थोडी कमी? म्हणजे एका ॲम्प्युलहून जास्त लागणार की कमी? उत्तर सहा गोळ्या किंवा पाच ॲम्प्युल असं आलं तर थांबा आणि विचारा. थांबा म्हणजे चुकलंच असं नाही. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला ०.६ मिलिग्रॅमची ॲट्रोपिनची ॲम्प्युल एकामागून एक लागतात, सर्पदंशाला प्रतिविषाच्या दहा-दहा व्हायल लागतात. पण ते 'हो, एवढंच लागतं' असं डॉक्टरांच्या किंवा सिनियरच्या तोंडून ऐकून मग भरायचं.

दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेताना तुमचं उत्तर सांगू नका. "दीड एमएल होतं ना?" असं विचारलं की समोरची "हो" म्हणते. ॲम्प्युल आणि केसपेपर पुढे करा आणि विचारा, "किती होतं?" दोघींचं उत्तर स्वतंत्रपणे एकच आलं तरच सिरिंज भरा.

सरावासाठी काही

अमिकासिन ५०० मिलिग्रॅम / २ एमएल, ऑर्डर ३७५ मिलिग्रॅम. (एमएलला २५०, म्हणून १.५ एमएल.)

रिंगर लॅक्टेट १ लिटर, दहा तासांत, २० चा सेट. (तासाला १००, मिनिटाला ३३ थेंब.)

१२ किलोच्या मुलाचं दिवसाचं सलाईन, मायक्रो सेटवर. (१,१०० एमएल, तासाला ४६, थेंबही ४६.)

५०% डेक्स्ट्रोजपासून १०% चं १०० एमएल. (१० ग्रॅम हवेत, ५०% चं २० एमएल, वर पाणी ८० एमएल.)

रात्री मायक्रो सेटवर मिनिटाला ३० थेंब चालू होते. सकाळी २० चा सेट लावला. आता किती? (तासाला ३० एमएलच द्यायचेत, म्हणून १० थेंब.)